बंद लिझीन, पाहुणे आणि आपण
(शताब्दी समारंभात केलेले भाषण)



मॉरिशसमध्ये आपली माणसं आली त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. पण इस्टेटीच्या कँपातून निघून, पै पै साठवून घेतलेल्या तुकड्यावर या गावात आपण घरं बांधली, बैठका उभारली, त्याला आता शंभर वर्षं होत आहेत. हा सोहळा त्या दुसऱ्या आगमनाचा आहे. म्हणून आज बोलायचा विषयही गावाचाच ठेवला आहे. समितीने आम्हाला सांगितलं, साखर कारखाने बंद पडलेल्या गावांना पर्यटनाने पुन्हा बरे दिवस येतील का, यावर बोला. आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बायका. अर्थशास्त्र आम्हाला येत नाही. पण कारखाना चालू असतानाचं गाव आम्ही पाहिलं आहे, बंद झाल्यावरचंही पाहिलं आहे, आणि या गावची मुलं रोज आमच्यासमोर बसतात. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आमच्या आजीच्या तोंडी ‘कारखाना’ हा शब्द कधी आला नाही. ती म्हणायची ‘लिझीन’. तोडीचा हंगाम म्हणजे ‘लाकूप’. लाकूप सुरू झाला की गावाला दुसरंच अंग यायचं. जूनपासून पार डिसेंबरपर्यंत रात्रंदिवस भोंगा, रस्त्यावर सांडलेला ऊस, दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे काळे तुरे, आणि हवेत तो उकळत्या रसाचा वास. धुतलेली चादर पुन्हा धुवायला लागली की आई लिझीनच्या नावाने बोटं मोडायची. पण डिसेंबरात भोंगा थांबला की तीच म्हणायची, घर कसं सुनं सुनं वाटतं. दुकानदाराच्या वहीत उधारी चढायची ती लाकूप नसलेल्या महिन्यांत आणि फिटायची ती लाकूपमध्ये. लग्नं त्या हिशेबाने ठरायची. गणपतीच्या वर्गणीचा आकडासुद्धा टनाच्या आकड्याकडे बघून ठरायचा.

आमचे बाबा तिथे साखरेचा पाक दाण्याला आणण्याचं काम करत. चुना घालून निवळलेला, आटवलेला रस बंद कढईत शिजत असतो. तो कुठल्या क्षणी दाण्यावर येतो ते माणसाने ओळखायचं असतं. बाबा कढईला लावलेल्या दांड्यातून थेंबभर पाक काढत, काचेच्या पट्टीवर पसरत, दिव्यासमोर धरत, मग अंगठा आणि बोट यांच्यात चोळून बघत. दाणा बारीक राहिला तर यंत्रात मळीबरोबर निघून जातो, एकाला एक चिकटला तर साखर खराब होते. मोजायला यंत्रं होती, पण शेवटचा शब्द बाबांच्या बोटांचा. घरी चहात साखर टाकतानाही ते चिमूट बोटांत फिरवून बघायचे आणि ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’चा अर्थ चांगली की वाईट, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

मग भोंगा थांबला, तो कायमचा.

का थांबला, हे मुलांना सांगावं लागतं, कारण त्यांना वाटतं की कोणीतरी एक दिवस कुलूप लावलं. तसं नाही. १८५८ साली या एवढ्याशा बेटावर २५९ गिरण्या ऊस गाळत होत्या. म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओढ्याकाठी एक धुरांडं. पुढे वाफेची मोठी यंत्रं आली, छोट्या गिरण्या मोठ्यांत विरल्या. १९७५ साली युरोपशी करार झाला. दरवर्षी आपली सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या, चढ्या भावाने ते घेणार. त्या भावावर या देशाने शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, हे विसरून चालणार नाही. आम्ही स्वतः ज्या शाळेत शिकलो तीही त्यातलीच. १९७३ साली तर आपण सात लाख टनांच्या वर साखर काढली होती. मग युरोपने आपलं धोरण बदललं. २००६ पासून टप्प्याटप्प्याने भाव छत्तीस टक्क्यांनी उतरवला आणि जुना करारही संपवला. २००५ साली अकरा गिरण्या होत्या, आज तीन आहेत. साखर अडीच लाख टनांच्या आतबाहेर. काही वर्षांपूर्वी पश्चिमेची मेदिनची गिरणीही थांबली, तेव्हा तिकडच्या आपल्या नातेवाइकांकडून जे फोन आले त्यांतला आवाज आम्हाला ओळखीचा होता.

गिरणी बंद करताना कामगारांना रोख रक्कम आणि घरासाठी जमिनीचा तुकडा मिळाला. त्यावर इथली बरीच घरं उभी आहेत, या सभागृहाच्या मागची अख्खी आळी त्यातलीच. म्हणून ‘आमच्यावर फक्त अन्याय झाला’ असं रडगाणं आम्ही गाणार नाही. पण पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला घर मिळालं आणि काम गेलं, तर तो त्या घराच्या ओसरीवर बसून काय करतो, हेही आपण पाहिलं आहे. छोट्या ऊसकऱ्यांचं तर विचारूच नका. दीड-दोन आर्पांचा ऊस, तो तोडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि गिरणी आता इतकी लांब की ट्रकचं भाडंच अंगावर येतं. गावाभोवती गवत माजलेले तुकडे मोजा म्हणजे कळेल.

या मोकळ्या झालेल्या जागेत पर्यटन आलं. बोप्लांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. पांप्लेमूसच्या बागेशेजारची ती गिरणी १९९९ साली बंद झाली आणि २००२ साली तिथे साखरेचं संग्रहालय उघडलं, ‘लावांत्यूर द्यू स्यूक्र’. यंत्रं भंगारात न विकता जागच्या जागी ठेवली, आणि त्यांच्या मधून फिरत फिरत बेटाचा इतिहास सांगितला. गुलामांचा, आपल्या गिरमिट्यांचा, साखरेचा आणि रमचाही. शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. तिथल्या उपाहारगृहाचं नावसुद्धा ‘फांगुरें’ आहे, म्हणजे आपला उसाचा रस! आता त्या परिसरात दुकानं, कार्यालयं, शिक्षणसंस्था आल्या. बंद गिरणीभोवती पुन्हा माणसांची वर्दळ झाली, हे खरं. दक्षिणेला बेलोंब्रची गिरणीही १९९९ सालीच थांबली. मग तिथे समुद्रकाठी मोठी हॉटेलं आली, गोल्फचं मैदान आलं, आणि आसपासच्या गावांतल्या पोरापोरींना कामं मिळाली. बुआ शेरीला चहाचा कारखाना चालूच आहे, आणि तो पाहायला लोक जातात, तळ्याकाठी बसून चहा पितात. हा प्रकार आम्हाला सगळ्यांत आवडतो, कारण तिथे जे दाखवतात ते अजून जिवंत आहे. पण सगळ्यांच्या नशिबी ते नसतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचवीच्या मुलांना घेऊन बोप्लांला गेलो होतो. मुलं खूश होती, साखर चाखताना तर विशेष. एका मोठ्या कढईपाशी आमच्या वर्गातला एक मुलगा थांबला. त्याचे आजोबा आपल्या लिझीनमध्ये भट्टीवर होते, चिपाडं टाकायला. तो म्हणाला, “मिस, माझे आजोबा कुठे उभे राहायचे?” आम्ही पाटी वाचली. पाटीवर यंत्राचं काम लिहिलं होतं, नीट लिहिलं होतं. पण ही गिरणी दुसरी, आपली दुसरी, आणि भट्टीवाला नेमका कुठे उभा राहायचा, हे त्या पाटीने कसं सांगावं? ते आम्ही सांगायला हवं होतं. आम्ही लिझीनच्या सावलीत वाढलो, बाबांचा डबा घेऊन फाटकापर्यंत शेकडो वेळा गेलो, आणि आम्हाला सांगता आलं नाही. घरी आल्यावर बाबांना विचारावं, तर बाबा त्याआधीच्या वर्षी गेले होते.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. समितीने आज तो मागितला हा योगायोग.

पर्यटनाने गाव उभं राहील का, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे. पाहुणा आला तर त्याला दाखवणार काय, आणि दाखवणार कोण? धुरांडं तर उभंच आहे, काळ्या दगडाचं, शंभरदा वादळं खाऊन उभं. त्याचा फोटो काढायला कोणाची गरज नाही. बेटावर अशा एका ठिकाणी, नाव घेत नाही, जुन्या गिरणीचं धुरांडं आता हॉटेलच्या आवारात आहे. आम्ही मुलांना ते दाखवायला नेलं तर पहारेकऱ्याने अदबीने सांगितलं की आत फक्त उतरलेल्या पाहुण्यांना जाता येतं. पहारेकरी तिथल्याच गावचा होता, बिचारा ओशाळला. त्याच्याच वडिलांनी त्या गिरणीत काम केलं होतं, हे त्याने आम्हाला निघताना हळूच सांगितलं. मुलांनी धुरांडं रस्त्यावरून पाहिलं आणि आम्ही बसमध्ये बसलो.

असं काही आपल्याकडेच होतं असं नाही. भारतदौऱ्यात आम्ही मुंबईला गेलो होतो. कोकणातून आपले पणजोबा बोटीने इकडे आले, पण त्याच गावांतून, पुष्कळदा त्याच घरांतून, पुढे मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसं गेली. लालबाग-परळला गिरणगाव म्हणत ते त्यांच्यामुळे. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्यांचं काय झालं ते आपल्या पाहुण्या व्याख्यात्यांनी मागे एकदा सांगितलंच आहे. लोअर परळला एका गिरणीच्या जागी आता झगमगता मॉल आहे, आणि त्याच्या वर जुनं धुरांडं तसंच उभं आहे. आमच्याबरोबरच्या एका काकूंनी वर बघून विचारलं, “ह्याखाली काय शिजतंय आता?” आम्ही सगळ्या हसलो, पण मग फार वेळ कोणी बोललं नाही.

याच्या उलट एक ठिकाण आहे, आम्ही तिथे गेलेलो नाही, वाचलं आहे. वेल्समध्ये ब्लेनावोन नावाचं कोळसा-लोखंडाचं गाव. तिथली ‘बिग पिट’ ही खाण १९८० साली बंद झाली आणि तीनच वर्षांनी लोकांना पाहायला खुली केली. २००० साली तो सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आला. पाहुण्यांच्या डोक्यावर टोपी आणि दिवा चढवतात. काडेपेटी, फोन, बॅटरीचं घड्याळ, सगळं वर काढून ठेवायला लावतात, कारण खाणीत ठिणगी चालत नाही. आणि पिंजऱ्यात बसवून नव्वद मीटर खाली नेतात. पण खरी गोष्ट पुढे आहे. खाली वाट दाखवायला जी माणसं नेमली ती जुने खाणकामगार होती. ज्याने त्याच काळोखात घाम गाळला तोच सांगतो, इथे घोडे बांधायचे, इथे छत कोसळायचं. हे कोणत्या पाटीवर लिहिणार? आणि त्याला त्याचा पगार मिळतो, धर्मादाय नव्हे. तिथलीही जुनी माणसं आता थकत चालली आहेत. पण त्यांनी खाण बंद झाल्यावर तीन वर्षांत सुरुवात केली. आपली लिझीन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली.

ब्लेनावोनचं सगळं सोन्याचं झालं असंही सांगायचं नाही. खाणीने जेवढी घरं पोसली तेवढी संग्रहालयाने पोसता येत नाहीत, तिकडेही नाहीत, इकडेही नाहीत. लिझीनमध्ये शेकड्यांनी माणसं लागत, पाहुणे फिरवायला डझनभर पुरतात. हॉटेलात जास्त लागतात, पण हॉटेलचा पाहुणा बहुतेक वेळा हॉटेलातच खातो, पितो, पोहतो आणि विमानात बसतो. गावाच्या दुकानातून तो पाण्याची बाटलीही घेत नाही. आमचा भाचा हॉटेलात आहे, पहाटे पाचच्या बसने जातो. त्याला विचारलं, पाहुण्यांनी कधी विचारलं का रे, तू कुठल्या गावचा? म्हणाला, “विचारतात मावशी, पण मी सांगितलं तरी त्यांना नकाशावर सापडत नाही.”

आणि २०२० विसरू नका. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडल्या २०२१ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ ला, तेरा लाखांवर पाहुणे आले होते. एकदम शून्य. भाचा घरी बसला होता. पण ऊस? त्या वर्षीही तोडला गेला, गिरण्या चालल्या, लाकूप झाला. ज्या पिकाला आपण मेलेलं समजत होतो ते उभं होतं आणि जे सोन्याची कोंबडी समजत होतो ती खुराड्यात.

म्हणून आमचं मत असं आहे. मत आहे, पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडा. पर्यटन हे उसाच्या ओळींमधल्या बटाट्यासारखं धरावं. आपले आजोबा ऊस लावला की मधल्या रिकाम्या पट्टीत बटाटा लावायचे. ऊस कमरेएवढा होईपर्यंत बटाटा निघायचा, तेवढाच हातात पैसा. बटाट्यासाठी कोणी ऊस उपटला नाही. गावाने पर्यटनाच्या भरवशावर आपले उरलेले तुकडे विकून टाकावेत, असं कोणी सांगायला आलं तर त्याला चहा पाजून पाठवावं. भाजीपाला, ऊस, मुलांचं शिक्षण, शहरातल्या नोकऱ्या, हे सगळं चालू राहून त्यात चार-आठ घरांना गावातच मानाचं काम मिळालं, तर ते हवं आहे. तेवढंच मागणं, आणि तेवढं शक्य आहे असं आम्हाला वाटतं.

लिझीनची जागा ज्यांच्या मालकीची आहे त्यांच्याशी आपल्या समितीचं बोलणं चालू आहे, हे अध्यक्ष महाशयांनी सांगितलंच. वजनकाट्याची खोली आणि धुरांड्याभोवतीची थोडी जागा वापरायला मिळण्याची आशा आहे. उसाची गाडी तिथे उभी राहायची आणि ऊसकऱ्याचा जीव टांगणीला लागायचा ती खोली. आमच्या मते सगळ्या लिझीनमध्ये तीच खोली खरी गावाची आहे. कढई मालकाची होती, काट्यावरचं भांडण आपलं होतं. तिथून सुरुवात करावी. मग धुरांडं, मग जुन्या कँपाची वाट. चार ओळींची घरं आता पाडली आहेत, पण जोते दिसतात आणि आंब्याचं झाड आहे. मग शेतातले ते दगडांचे ढीग. हे ढीग परक्या पाहुण्याला कोणी दाखवतच नाही, आणि आमच्या मते या बेटावर त्यांच्याइतकं मोठं स्मारक दुसरं नाही. ज्वालामुखीची जमीन, जिकडे तिकडे काळे दगड, आणि ते एकेक उचलून ऊस लावण्याजोगी जमीन मोकळी केली ती माणसाच्या हातांनी. पोर्ट लुईला घाटाच्या सोळा पायऱ्या आहेत. तिथे सुमारे साडेचार लाख माणसं उतरली, २००६ साली तो जागतिक वारसा झाला. आपण मुलांना दर वर्षी दोन नोव्हेंबरच्या सुमारास नेतो. पण पायऱ्या चढून ती माणसं गेली कुठे? ती या ढिगांकडे आली. पाहुण्याला ते दाखवा. तो विचारेल, हे कोणी रचले? मग बैठकेत आणा, झाकरी दाखवा, गरम फराटा द्या, सणाच्या दिवशी पुरणपोळी द्या. हॉटेलच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात दहा मिनिटं कापून घेतलेली झाकरी वेगळी आणि बैठकेच्या अंगणात घामाघूम होईपर्यंत चाललेली वेगळी.

काही मंडळी म्हणतात, पाहुणा सुटीवर येतो, त्याला दुःख कशाला दाखवायचं. घाटाला आणि ल मोर्नला जाणारे लोक मग कशाला जातात? आणि दुसरं, आपण दाखवणार ते नुसतं दुःख नाही. पाक दाण्यावर आलेला ओळखणारं बोट हे दुःख नाही, ती विद्या आहे. काट्यावर आकडा चुकीचा वाचला म्हणून साऱ्या रांगेने गाड्या अडवल्या, ती हकीगत आमचे एक आजोबा सांगतात तेव्हा ऐकणारा हसून लोळतो. हे सगळं क्रिओलमध्ये, मराठीत, भोजपुरीत मिसळून आहे. ते फ्रेंच आणि इंग्रजीत सांगणारी मुलं आपल्याकडे आहेत. हॉटेलात बश्या उचलताना तीच मुलं चार भाषा बोलतात.

आता जरा अडचणीचं बोलतो. शताब्दीच्या निधीतून गावाच्या तोंडाशी स्वागत कमान बांधावी असा ठराव आहे. कमानीला आमचा विरोध नाही. आपली नावं दगडावर यावीत असं कोणाला वाटत नाही? पण कमान पुढच्या वर्षीही बांधता येईल, दहा वर्षांनीही येईल. लिझीनमध्ये प्रत्यक्ष काम केलेली माणसं या गावात आज किती उरली, आम्ही मुलांना घरोघर पाठवून मोजली. एकवीस. मागच्या गणपतीत मोजली तेव्हा पंचवीस होती. म्हणून आमची समितीला विनंती आहे, निधीचा पहिला हिस्सा या एकवीस जणांकडे जावा. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला, लिहून काढायला, आणि ज्यांना चालवतं त्यांना वजनकाट्याच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस बसायला, मानधन देऊन. तरुण मुलांनी त्यांच्या शेजारी बसून शिकावं. हे शिकलेलं त्यांच्या पोटापाण्याला लागेल. मोक्याला महात्मा गांधी संस्थेत आपल्या पणजोबांच्या नोंदवह्या आहेत, काहींचे फोटोही आहेत. त्या नकलाही त्या खोलीत लावता येतील. पण नोंदवहीत बोट, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूण एवढंच असतं. बाकीचं या एकवीस जणांकडे आहे.

मालकांनी खोली दिली नाही तर? तर बैठकेचा मागचा भाग आहे, तिथे करू. पाहुणे आले नाहीत तर? तर आमच्या पाचवीचा वर्ग येईल, दर वर्षी. तो मुलगा आता सातवीत आहे. त्याने परवा आम्हाला रस्त्यात थांबवून विचारलं, “मिस, कळलं का आजोबांचं?” आम्ही म्हटलं, “अजून नाही रे, पण विचारतो आहोत.”

तर येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला बैठकेत सुरुवात करत आहोत. घरातल्या जुन्या पगारपावत्या, बिल्ले, लिझीनमधला चाकू, फळकूट, काहीही असेल ते घेऊन या. आम्ही फोटो काढून परत देऊ, ठेवून घेणार नाही. पहिले बसणार आहेत ते वजनकाट्यावरचे आजोबा, सत्त्याऐंशी वर्षांचे. त्यांनी एकच अट घातली आहे. दुपारी त्यांना झोप लागते, म्हणून वेळेवर सुरू करा, आणि चहात साखर जास्त.